गाणं फुकट उतरवून घेण्याबद्दल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीत विश्रामबागला माझा छोटा रेकॉर्डिंग स्टुडिओ आहे. एक खोली, दोन माईक, आवाज घुमू नये म्हणून भिंतींना लावलेल्या गाद्या. भजनी मंडळं येतात, गोंधळी येतात, शाहीर, लावणी गाणाऱ्या बायका, कॉलेजातली रॅप करणारी पोरं येतात. त्याआधी २००८ ते २०१५ या काळात एस. टी. स्टँडजवळ माझं मोबाइलचं दुकान होतं आणि तिथं मी मेमरी कार्डात गाणी भरून द्यायचो. म्हणजे सात वर्षं माझं पोट फुकटच्या गाण्यांवर चाललं, आणि आता ज्यांची गाणी फुकट जातात त्यांच्यासोबत माझी रोजची उठबस आहे. दोन्हीकडच्या माणसांनी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले ते इथं लिहितो.

पैसे न देता गाणं डाउनलोड करणं ही चोरी आहे का?

कायद्याच्या भाषेत चोरी म्हणजे वस्तू मालकाच्या ताब्यातून नेणं. गाण्याची नक्कल केली तर मूळ गाणं जागेवरच राहतं. म्हणून कायदा त्याला चोरी न म्हणता कॉपीराइटचं उल्लंघन म्हणतो. हा फरक खरा आहे आणि तो मान्य करूनच पुढं बोलायला हवं.

तासगावकडच्या एका द्राक्ष बागायतदारानं मला हा मुद्दा फार चांगला मांडून दाखवला होता. तो म्हणाला, "मी शेजाऱ्याला काडी दिली तर माझा वेल काय कमी होत नाही. तास-ए-गणेश ही द्राक्षाची जात आमच्याच भागात निघाली आणि काडीकाडीनं सगळीकडं गेली. मग गाण्याचं काय एवढं?" मी दोन दिवस त्यावर विचार केला. बागायतदार काडीवर जगत नाही, तो द्राक्षावर जगतो. काडी दिली तरी मार्केटला जाणारी पेटी त्याचीच असते. गायकाचं तसं नाही. त्याची काडी तीच आणि पेटीही तीच. ते एक रेकॉर्डिंग सोडलं तर त्याच्याजवळ विकायला दुसरं काही नसतं.

म्हणून मी चोरी हा शब्द वापरत नाही. आपल्याकडं याला जास्त नेमका शब्द आहे : बिदागी बुडवणं. बैठकीला बसायचं, मान डोलवायची, वाहवा म्हणायचं आणि थाळी समोर आली की उठून जायचं.

पैसे तर कंपनीच खाते. गायकाला कुठं काय मिळतं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि विचारणाऱ्याचा राग बऱ्याच अंशी बरोबर असतो.

एका गाण्यावर एकाच माणसाचा हक्क नसतो. शब्दांवर कवीचा, चालीवर संगीतकाराचा, रेकॉर्डिंगवर ज्यानं पैसे घातले त्याचा, आणि गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचा वेगळा. आपल्याकडं कितीतरी वर्षं कवी आणि संगीतकार एकदाच रक्कम घ्यायचे, कागदावर सही करायचे, आणि नंतर गाणं जन्मभर वाजलं तरी त्यांच्या घरात काही यायचं नाही. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. जावेद अख्तर तेव्हा राज्यसभेत होते आणि त्यांनी हा विषय लावून धरला होता. तेव्हापासून कवी-संगीतकारांचा रॉयल्टीतला, म्हणजे गाणं वाजेल तसे मिळणाऱ्या पैशातला, समान वाटा असा सही करून सोडून देता येत नाही. गायक-वादकांनाही व्यावसायिक वापरातल्या रॉयल्टीचा हक्क कायद्यानं दिला आहे.

कागदावर आहे म्हणजे हातात पडतं असं नाही, हे मी रोज बघतो. पण कंपनी गायकाला कमी देते, म्हणून मी गायकाला काहीच देणार नाही, हे गणित जुळत नाही. ऊसतोडणीच्या मजुराला मुकादम कमी पैसे देतो म्हणून आपण त्या मजुराकडूनच फुकट काम करून घेत नाही. आणि माझ्याकडं येणाऱ्या दहातल्या नऊ गायकांच्या मागं कंपनी नसतेच. ढोलकीवाला, पेटीवाला, कोरसची चार माणसं, स्टुडिओचे तास धरून एका गाण्याला आठ-दहा हजार लागतात. ते त्यांनी दुभत्या म्हशीच्या पैशातून नाहीतर बचत गटाच्या कर्जातून आणलेले असतात. ते गाणं फुकट फिरलं की ज्याचं नुकसान होतं तो माणूस माझ्यासमोर बसलेला असतो.

यूट्यूबवर तर सगळं फुकटच आहे. मग तिथून उतरवून घेतलं तर काय बिघडलं?

यूट्यूबवर ऐकणं तुम्हाला फुकट पडतं, पण त्याचे पैसे जाहिरातदार भरतो. त्या जाहिरातींतला वाटा नेहमीचे (शॉर्ट्स नसलेले) व्हिडिओ टाकणाऱ्या चॅनेलला मिळायला आधी १००० सबस्क्राइबर आणि मागच्या १२ महिन्यांत ४००० तासांचं पाहणं लागतं.

याचा हिशेब मी शाहिरांना कागदावर करून दाखवतो. ४००० तास म्हणजे २,४०,००० मिनिटं. पोवाडा सहा मिनिटांचा असेल तर तो ४०,००० वेळा अथपासून इतिपर्यंत ऐकला गेला पाहिजे. आता वाळव्यातल्या एका पोरानं तो पोवाडा उतरवून गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. गावानं शंभर वेळा ऐकला, लग्नात वाजला, ट्रॅक्टरवर वाजला. यातला एक मिनिटही त्या ४००० तासांत धरला जात नाही. लोकांना गाणं आवडलंय, गावोगाव वाजतंय, आणि शाहिराचं चॅनेल ३१२ तासांवर अडकलेलं आहे. असं मी डोळ्यांनी बघितलंय.

म्हणून गाणं आवडलं तर फाइल पाठवू नका, लिंक पाठवा. एवढ्या एका सवयीनं फार फरक पडतो आणि कुणाच्या खिशाला चाटही बसत नाही.

तुम्ही स्वतः मेमरी कार्ड भरून द्यायचा ना?

हो.

४ जीबीचं कार्ड भरायचे मी ४० रुपये घ्यायचो. पाच मिनिटांचं गाणं साधारण पाच एमबीचं, म्हणजे कार्डात आठशे गाणी बसायची. गाण्यामागं पाच पैसे पडले, आणि ते पाच पैसे सगळे माझे. ज्यांनी ती गाणी लिहिली, गायली, वाजवली त्यांच्यातल्या कुणाचा त्यात छदामही नव्हता. शनिवारी, बाजारच्या दिवशी, दुकानासमोर रांग लागायची. "जुनी हिंदी भरा, थोडी भक्तिगीतं, थोडी दणकेबाज." मला तेव्हा वाटायचं की मी लोकांची सेवा करतोय. इंटरनेट महाग होतं, कॅसेटची दुकानं बंद पडत चालली होती, आणि खेड्यातल्या माणसाला गाणं मिळायचा दुसरा रस्ता दिसत नव्हता. त्यातलं थोडं खरंही होतं.

मग एक दिवस विट्याकडचा एक म्हातारा गोंधळी आला. नातवाच्या फोनचं कार्ड भरायचं होतं. भरताना मी खात्रीसाठी गाणी थोडी थोडी वाजवून बघायचो. एका गाण्यावर त्यांनी हात वर केला. संबळ वाजत होता, आवाज त्यांचाच होता. पुष्कळ वर्षांपूर्वी कॅसेटसाठी गायलेलं, एकरकमी १५०० रुपये घेऊन. मला वाटलं आता ते पैसे मागतील. त्यांनी मोबाइल डोळ्यांजवळ धरला आणि विचारलं, "ह्यात माझं नाव कुठं हाय?"

नाव नव्हतं. गायकाच्या जागी त्या फुकट वेबसाइटचं नाव होतं. तेव्हाच्या फुकट फायलींत सर्रास तसंच असायचं : गायक म्हणून वेबसाइट, अल्बम म्हणूनही वेबसाइट. मी रोज शेकडो फायली भरत होतो आणि ते कधी माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. पैसे परत करता येतात. ज्या हजारो कार्डांवर त्या माणसाचं नाव पुसून मी ती वाटली होती, ती कुठून गोळा करणार होतो?

मी गल्ल्यातून ५०० रुपये काढून दिले. त्यांनी १०१ ठेवून घेतले आणि बाकीचे परत दिले. दुकान त्यानंतरही दोन वर्षं चाललं, कार्डं भरणंही चाललं. त्या दिवशी माझं मन पालटलं आणि मी धंदा बंद केला असं सांगितलं तर ते खोटं होईल. पण तो प्रश्न डोक्यातून गेला नाही.

कायदा नेमकं काय म्हणतो? डाउनलोड केलं तर पोलीस पकडतील का?

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार रेकॉर्डिंगची नक्कल करण्याचा, ती साठवण्याचा आणि लोकांपर्यंत पोचवण्याचा हक्क मालकाचा आहे. जाणूनबुजून उल्लंघन केलं तर कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड अशी शिक्षा आहे. धंद्यासाठी केलं नसेल तर न्यायालय शिक्षा कमी करू शकतं. खासगी वापरासाठीच्या 'उचित व्यवहारा'ला कलम ५२ मध्ये जागा आहे. पण फुकट वेबसाइटवरून आठशे गाण्यांचा गठ्ठा उतरवणं त्या जागेत बसतं असं मी कुणाला सांगणार नाही. माझ्यासारखा कार्डं भरून विकणारा तर त्यात मुळीच बसत नव्हता.

पोलिसांच्या भीतीनं कुणी बिदागी देऊ लागेल असं मला वाटत नाही, म्हणून हा भाग इथंच थांबवतो.

खूप जुनी गाणी तर कुणाचीच नसतात ना?

काही खरोखरच सगळ्यांची झालेली असतात. भारतात रेकॉर्डिंगवरचा हक्क ते प्रसिद्ध झालं त्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं असतो. १९६० साली निघालेल्या तबकडीवरचा हक्क २०२० च्या अखेरीस संपला. शब्द आणि चालीचा हक्क मात्र रचणाऱ्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. दोन्ही मुदती वेगळ्या तपासाव्या लागतात.

आपल्याच मातीतलं उदाहरण घेऊ. पठ्ठे बापूराव वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे. कुलकर्ण्यांच्या घरात जन्मलेला माणूस तमाशात गेला, लावण्यांचे ढीग रचले, आणि १९४५ साली हलाखीत वारला. त्यांच्या शब्दांवर आज कुणाचाच मालकी हक्क नाही, कुणीही गावेत. पण तीच लावणी एखाद्या बाईनं मागच्या वर्षी माझ्या स्टुडिओत गायली असेल तर ते रेकॉर्डिंग नवं आहे. तिच्या गळ्यावर आणि ढोलकीवाल्याच्या हातावर बापूरावांची मुदत लागू होत नाही. तुकोबांच्या अभंगांचंही तसंच : अभंग सगळ्यांचा, पण अमुक बुवांनी गायलेली फाइल त्यांची.

मिरजेचे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ १९३७ साली गेले. त्यांच्या हयातीत निघालेल्या तबकड्यांची मुदत कधीच संपली आहे. त्या शोधा, उतरवून घ्या, वाटा, मनात काही ठेवू नका. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावायची, तेवढ्यात त्यांनी राग कसा उभा केलाय ते कॉलेजच्या पोरांना मी मुद्दाम ऐकवतो.

जे विकतच मिळत नाही ते उतरवून घेतलं तर?

याचं उत्तर पूर्वी मी झटकन "नाही" असं द्यायचो. आता देत नाही.

ऑगस्ट २०१९ च्या महापुराच्या वेळी माझा स्टुडिओ विश्रामबागला नव्हता, सांगलीच्या गावभागात होता. कृष्णेचं पाणी चढलं तेव्हा मी दोन माईक आणि मिक्सर घेऊन बाहेर पडलो, हार्ड डिस्क खालच्या कपाटात राहिल्या. त्यात पलूसकडच्या एका भजनी मंडळाचे अकरा अभंग होते. त्यांचे बुवा आदल्या वर्षी वारले होते आणि मंडळाजवळ जी सीडी होती तीही त्यांच्याच घरात पाण्याखाली गेली. तीन महिन्यांनी, गळीत हंगाम सुरू झाल्यावर, मंडळातल्या एकानं रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरवर बुवांचा आवाज ऐकला. ट्रॅक्टर थांबवला. ड्रायव्हरच्या पेन ड्राइव्हमध्ये अकराच्या अकरा अभंग होते, कुणाकडून तरी फुकट घेतलेले. त्या पोरानं एक पैसा दिला नव्हता, आणि आज ते अभंग आहेत ते त्याच्यामुळंच.

त्या दिवसापासून नक्कल करणं हेच पाप आहे असं मी म्हणत नाही. नक्कल गाण्याला जगवते. वाईट एवढंच की नक्कल घेताना माणूस विसरला जातो, त्याची बिदागी आणि त्याचं नाव दोन्ही जातं. ट्रॅक्टरवाल्या पोराच्या फायलीवर बुवांचं नाव नव्हतं. मंडळानं ते बसवून दिलं आणि तीच फाइल त्याला परत दिली.

तेव्हा बाजारात नसलेलं गाणं सापडलं तर ते जपा. गाणारा किंवा त्याचं घर सापडतंय का ते बघा. सापडलं तर त्यांना एक प्रत द्या, कारण पुष्कळ घरांत स्वतःच्या माणसाचा आवाज नसतो. जाहीरपणे टाकायचं झालं तर त्यांना विचारून टाका.

गणपतीत, वरातीत गाणी वाजवायला परवानगी लागते का?

खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत गाणं वाजवलं तर ते उल्लंघन होत नाही, असं कलम ५२ मध्येच म्हटलं आहे. लग्नाची वरात आणि लग्नासंबंधीचे समारंभ त्यात स्पष्टपणे धरले आहेत. बँडवाल्यांनी घाबरू नये. तिकीट लावून केलेला ऑर्केस्ट्रा वेगळा, त्याला परवाना लागतो.

मी हॉस्टेलवर राहतो. महिन्याला ॲपचे पैसे परवडत नाहीत.

मग जाहिरातींसकट फुकट ऐक, त्यात काही कमीपणा नाही. आकाशवाणी सांगली लाव, तिथं गाणाऱ्याला मानधन मिळतं. मित्राकडं सीडी असेल तर त्याच्या खोलीत बसून ऐक. आणि गावच्या जत्रेत तमाशाला गेलास तर चहाचे दहा रुपये वाचवून दौलतजादा कर. विद्यार्थ्याकडून मी एवढंच मागतो. घरून महिन्याला मोजके पैसे येणाऱ्या पोरानं गाणं फुकट ऐकलं आणि कारमध्ये लाखाची साउंड सिस्टिम बसवणाऱ्यानं फुकट ऐकलं, या दोन गोष्टी मला सारख्या वाटत नाहीत.

पैसे भरून ॲप घेतलं म्हणजे माझं कर्तव्य संपलं का?

मोठ्या गायकांच्या बाबतीत बरंचसं संपलं. छोट्यांच्या बाबतीत नाही. या ॲपांत साधारणपणे सगळ्यांचे पैसे एका भांड्यात जमा होतात आणि एकूण ऐकण्यात कुणाचा किती हिस्सा त्यावर वाटले जातात. तुम्ही महिनाभर फक्त जेजुरीचा गोंधळ ऐकला तरी तुमचे सगळे पैसे त्या गोंधळ्याकडं जातील असं नाही. स्पॉटिफायवर तर २०२४ पासून मागच्या १२ महिन्यांत १००० वेळाही न ऐकल्या गेलेल्या गाण्याला रेकॉर्डिंगचा वाटाच मिळत नाही. मला हा नियम अन्यायाचा वाटतो. ज्याला शंभर रुपयांचीही किंमत आहे त्याचेच ते शंभर रुपये कापले जातात.

माझ्याकडं सीडी आहे. तेच गाणं फोनमध्ये घेतलं तर?

घ्या. बिदागी तुम्ही दिलेली आहे.

कला ही देवाची देणगी. तिचा कसला बाजार मांडायचा?

हे म्हणणारी माणसं भाविक असतात आणि मनापासून बोलत असतात, म्हणून नीट उत्तर देतो. मिरजेला मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरसाच्या वेळी खाँसाहेबांच्या स्मरणार्थ संगीत सभा होते. मोठमोठे कलाकार येऊन गातात, तिकीट नसतं, कुणीही जाऊन बसावं. त्याला तिथं 'हजेरी लावणं' म्हणतात. लहानपणी मी वडिलांच्या खांद्यावर झोपून ते ऐकलंय. पण हजेरी लावायची की नाही हे कलाकार ठरवतो. तो स्वतः देतो तेव्हा ते दान असतं. आपणच परस्पर उचलून "देवाची देणगी" म्हणायचं, याला दान म्हणता येत नाही. आणि देवाची देणगी असलेल्या त्या गळ्यालाही दवाखाना, पोरांची फी आणि विजेचं बिल असतंच.

मी अशी पुष्कळ गाणी फुकट घेतली आहेत. आता काय करू? बिदागी किती द्यायची?

सगळ्यांचा हिशेब कुणालाच करता येणार नाही, मलाही जमलेला नाही. ज्यांची गाणी तुम्ही खरोखर पुन्हा पुन्हा ऐकता असे पाच जण निवडा. त्यातला निदान एक आपल्या जिल्ह्यातला असू द्या. ज्यांचं विकत मिळतं त्यांचं विकत घ्या. जिल्ह्यातला असेल तर त्याचा कार्यक्रम जवळपास लागेल तेव्हा जा. नाहीतर गावात विचारा, नंबर मिळतो, यूपीआय आता गोंधळ्याच्या फोनवरही आहे. ११ रुपये दिले तरी चालतात, ५१ दिले तरी चालतात. आमच्याकडं रेकॉर्ड झालेल्या गायकाला द्यायचे असतील तर स्टुडिओत आणून द्या, मी त्यातलं काही ठेवत नाही. पाठवताना कोणत्या गाण्यासाठी ते आवर्जून लिहा. पलूसच्या मंडळाला परवा कुणीतरी २१ रुपये पाठवले आणि खाली लिहिलं, "सातव्या अभंगासाठी." पेटीवाले काका तो फोन दिवसभर सगळ्यांना दाखवत होते.